कोल्ड एअर इंटेक : छोट्या गाडीला बसवायचं का, कोणतं आणि कसं?

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत राहणारी खान्देशी कुटुंबं वर्षातून निदान दोनदा गाडी काढून गावाकडे येतात. एकदा आखाजीला, भर उन्हात. दुसऱ्यांदा श्रावणात कानबाईला, भर पावसात. बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूर, पुढे कोंडाईबारीचा घाट आणि धुळे. नाही तर नवापूरवरून नंदुरबार. गाडी बहुतेक वेळा छोटीच असते. पाच माणसं, डिक्की भरलेली आणि एसी चालू. घाट लागला की गाडीचा दम निघतो, आणि मग कोणीतरी सुचवतं, "इंटेक बसवून घे, गाडी पळेल."

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. कोल्ड एअर इंटेकचा फायदा कधी होतो, किती होतो आणि सुरतच्या पाण्यात तेच इंटेक इंजिन कसं बसवतं, हे कळलं तर पैसे टाकायचे की वाचवायचे ते ज्याचं त्याला ठरवता येतं.

इंटेक म्हणजे नेमकं काय?

इंजिनाला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते. १२०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमवर फिरत असेल तर ते मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढतं. ही हवा नळीतून आत येते, एअर बॉक्समधल्या फिल्टरमधून गाळली जाते आणि थ्रॉटल बॉडीतून इंजिनात जाते. नळी, बॉक्स, फिल्टर हा सगळा रस्ता म्हणजे इंटेक.

थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. २५ अंशांच्या हवेपेक्षा ५५ अंशांची हवा साधारण ९ टक्के विरळ असते. सोपा हिशेब असा की, तापमान ३ अंशांनी कमी झालं तर हवेची घनता साधारण १ टक्क्याने वाढते. दाट हवेत प्राणवायू जास्त, त्यामुळे जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. म्हणून बोनटखालची तापलेली हवा टाळून बाहेरची हवा ओढणारी नळी बसवायची, एवढीच कोल्ड एअर इंटेकची कल्पना आहे.

ही कल्पना नवी नाही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीच नळीचं तोंड रेडिएटरच्या वर, जाळीच्या मागे ठेवते. म्हणजे बाहेरची हवा ओढायची सोय त्यात आधीपासून असते. बाजारातलं इंटेक महागडं असलं तरी कंपनीने केलेलं काम पुन्हा एकदा करून देण्यापलीकडे अनेकदा काही करत नाही.

फायदा किती?

ताकद वाढते ती फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. एरवी, म्हणजे रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा हायवेवर ताशी ८० ने जाताना, थ्रॉटलची झडप अर्धवट बंद असते. तेव्हा हवा फिल्टर अडवत नाही, झडपच अडवते. त्यामुळे इंटेक बदलून ॲव्हरेज वाढतं हा समज टिकत नाही. उलट आवाज छान येतो म्हणून पाय जास्त दाबला जातो आणि पेट्रोल जास्त जातं.

दुसरी गोष्ट हवामानाची. पावसाळ्यात सुरतच्या हवेत एवढी वाफ असते की हवेतली तीन-साडेतीन टक्के जागा तीच खाते. कोणतंही इंटेक ही वाफ काढू शकत नाही. आखाजीला भुसावळ-जळगावकडे पारा ४२ च्या वर असतो. तिथे बाहेरची 'थंड' हवासुद्धा ४२ अंशांचीच मिळते.

पैसे देण्याआधीची चाचणी

गाडीच्या स्टिअरिंगखाली असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ रीडर स्वस्तात मिळतो. मोबाईलवर त्याचं ॲप घेतलं की इंटेकमधल्या हवेचं तापमान दिसतं. गाडी अर्धा तास चालवून, हायवेवर सलग वेग धरलेला असताना हा आकडा बघावा आणि त्या वेळच्या बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहावा.

* फरक ५-६ अंशांचा असेल तर कंपनीचं इंटेक आधीच थंड हवा घेतंय. नवीन इंटेकने जास्तीत जास्त २ टक्के फरक पडेल. ८० हॉर्सपॉवरच्या गाडीत तो दीड-दोन हॉर्सपॉवर. घाटात पाच मिनिटं एसी बंद केला तर त्याहून जास्त ताकद मोकळी होते.
* फरक २० अंशांच्या आसपास असेल तर आधी कंपनीची नळी तपासावी. बंपर ठोकल्यावर गॅरेजमध्ये नळीचं पुढचं तोंड बसवायचं राहून गेलेलं असतं, किंवा उंदराने कुरतडलेलं असतं. ते जागेवर बसवलं की अर्धं काम होतं.

सिग्नलवर उभ्या गाडीत हा आकडा कोणत्याही इंटेकचा वाढलेलाच दिसतो. काही गाड्यांत सेन्सर इंजिनाला चिकटून असतो, त्यात तो आणखी चढा दिसतो. त्यामुळे चालत्या गाडीतलाच आकडा धरावा.

बाजारात तीन प्रकार

पहिला, पॅनल फिल्टर. कंपनीच्या बॉक्समध्ये कंपनीच्याच मापाचा, पण धुऊन परत वापरता येणारा कापडी फिल्टर. कंपनीचा कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो, हा काही हजारांत जातो. बसवायला दहा मिनिटं लागतात. बॉक्स तोच राहतो, त्यामुळे हवाही बाहेरचीच येते आणि पाण्याचा धोका वाढत नाही.

दुसरा, शॉर्ट रॅम. बॉक्स काढून टाकून आखूड पाइपाच्या टोकाला उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. बसवायला सोपा, आवाज दमदार. पण फिल्टर इंजिनाशेजारी उघडा असल्याने बोनटखालची गरम हवा ओढतो. उधना दरवाजापासून सहारा दरवाजापर्यंत ट्रॅफिकमध्ये रखडलेल्या गाडीची ताकद यामुळे घटते. आवाज मात्र ताकद वाढल्यासारखा येतो. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

तिसरा, खरं कोल्ड एअर इंटेक. लांब पाइप खाली नेऊन फिल्टर बंपरच्या मागे किंवा मडगार्डच्या पोकळीत बसवतात. हवा खरोखर बाहेरची मिळते. पण फिल्टर जमिनीपासून हातभर उंचीवर येतो. कोरड्या गावात हे चालून जातं. सुरतमध्ये इथेच घात होतो.

दोन चमचे पाणी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तसा पूर दरवर्षी येत नाही. पण लिंबायत, पर्वत पाटिया भागात खाडीचं पाणी रस्त्यावर येणं आणि रेल्वेखालची गरनाळी भरणं हे पावसाळ्यात नेहमीचंच. कानबाईला निघालेली गाडी घरापासून दोन किलोमीटरवरच पाण्यात शिरते.

चार सिलिंडरच्या १२०० सीसी इंजिनात एका सिलिंडरची जागा ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो ११ धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरते फक्त ३० सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन चमच्यांपेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये गेलं की वर येणारा पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. अशा इंजिनाचं काम निघालं की बिल इंटेकच्या किमतीच्या कित्येक पट होतं.

पाण्याची उंची मोजताना एक चूक होते. समोरून बस किंवा टेम्पो गेला की लाट उठते आणि बंपरपाशी पाणी वीतभर चढतं. गाडी वेगात घातली तर स्वतःची लाटही तेवढीच. म्हणून फिल्टर साचलेल्या पाण्याच्या वर आहे एवढ्यावर भागत नाही. काही इंटेकबरोबर बायपास व्हॉल्व्ह मिळतो. खालचा फिल्टर बुडाला की तो वरून हवा घेतो. पण पाण्याचा सपकारा आला तर त्याच्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

टेप घेऊन जमिनीपासून इंटेकच्या तोंडापर्यंतची उंची मोजावी. नवीन इंटेकचं तोंड कंपनीच्या तोंडापेक्षा खाली येत असेल तर सुरत, नवसारी, वापी पट्ट्यातल्या गाडीला ते बसवू नये. बाकी काही विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये.

धूळ आणि लूमचा भुगा

फिल्टरचं पहिलं काम हवा गाळणं आहे, जास्त हवा सोडणं नंतर. लूमच्या गल्ल्यांमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर सुताच्या तंतूंचा थर बसतो. गावाकडे कच्च्या रस्त्याची बारीक धूळ. चांगला कागदी फिल्टर बारीक धूळ सहसा जास्त पकडतो. तेल लावलेला कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण थोडी बारीक धूळही सोडू शकतो. ही धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासते. जुन्या डिझेल गाड्यांत ती टर्बोची पाती खाते.

नवीन फिल्टर बसवून हजारेक किलोमीटर झाले की पाइप उघडून फिल्टरच्या पुढच्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडच्या भागात, पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर मातकट डाग आला तर फिल्टर धूळ सोडतोय किंवा कडेने फट आहे. असा फिल्टर ठेवू नये.

कोणी काय निवडावं?

*रोजची पेट्रोल गाडी, कधीमधी गाव :* कंपनीचा कागदी फिल्टर. सर्व्हिस पुस्तिकेत धुळीच्या भागासाठी लवकर बदलायला सांगितलेलं असतं, ते पाळावं. तुंबलेला फिल्टर बदलून जो फरक पडतो तो भल्याभल्या इंटेकने पडत नाही.

*सीएनजी गाडी :* इंटेकला हात लावू नये. सीएनजी वायू स्वतःच सिलिंडरमधली हवेची जागा खातो, म्हणून त्यावर गाडी थोडी मंद असतेच. त्याचं ट्युनिंग कंपनीच्या इंटेकवर बेतलेलं असतं. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये इंटेकमध्ये भडका उडण्याची शक्यता असते. फिल्टर, प्लग आणि किटचं ट्युनिंग वेळेवर करणं हाच त्यावरचा उपाय.

*गाडीची आवड असलेला, हायवेवर जास्त फिरणारा :* आधी पॅनल फिल्टर. त्याने समाधान नाही झालं तर बंद बॉक्स असलेलं इंटेक, ज्याची नळी कंपनीच्याच उंचीवर जाळीमागे जाते. उघडा शंकू घेऊ नये.

*डिझेल टर्बो :* टर्बोनंतर हवा थंड करायला इंटरकूलर असतो. त्यामुळे थंड इंटेकचा फायदा आणखी कमी, धुळीचा तोटा जास्त.

घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन जुळवावं. गाडीत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल तर तो बसतो त्या जागी पाइपाचा आतला व्यास कंपनीच्या पाइपाएवढाच हवा. नाही तर सेन्सर हवा चुकीची मोजतो आणि इंधनाचं गणित बिघडतं. ज्या गाडीत फक्त दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे तिथे ही अडचण येत नाही, पण तापमानाचा सेन्सर लावायला जागा लागतेच. 'युनिव्हर्सल' म्हणून विकला जाणारा पाइप कशालाच नीट बसत नाही.

बसवण्याची पद्धत

१. इंजिन पूर्ण गार असावं. चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

२. जुनी जोडणी खोलण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत.

३. सेन्सरचा प्लग कुलूप दाबून काढावा, वायर धरून ओढू नये. मग ब्रीदर पाइप आणि क्लॅम्प सोडून एअर बॉक्सचे बोल्ट काढावेत. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना पुरतो.

४. थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधावं. एखादा नट किंवा वायसर आत पडला तर इंजिनच खोलावं लागतं. शेवटी फडकं काढायचं लक्षात राहावं म्हणून ते रंगीत घ्यावं.

५. नवीन पाइप आधी नुसता ठेवून बघावा. इंजिन रेस केल्यावर हलतं, म्हणून फॅन, बेल्ट आणि बॅटरीच्या टर्मिनलपासून दोन बोटं अंतर हवं. पाइप आणि थ्रॉटल यांच्यामध्ये सिलिकॉनची जोडणी असावी.

६. सेन्सर लावताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडे असावा. रबरी ग्रोमेट घट्ट बसलेलं असावं.

७. ब्रीदर पाइप नवीन पाइपाला जोडावाच. तो मोकळा सोडला तर इंजिनातली तेलकट वाफ बाहेर येते आणि काही गाड्यांत न मोजलेली हवा आत जाते.

८. बॉक्सची रबरी कड बोनट बंद केल्यावर दबली पाहिजे. फट राहिली तर आत गरम हवाच येते. पुढची नळी जाळीमागे, जुन्या उंचीवरच बांधावी.

९. क्लॅम्प घट्ट करावेत, पण सिलिकॉन कापलं जाईल एवढे नाही. फडकं काढल्याची खात्री करून बॅटरी जोडावी.

१०. एसी बंद ठेवून गाडी दहा मिनिटं आयडलवर चालू द्यावी. शीळ घातल्यासारखा आवाज आला तर कुठेतरी गळती आहे. २०-२५ किलोमीटर फिरून आल्यावर क्लॅम्प परत तपासावेत.

नंतर चेक इंजिनचा दिवा लागला तर रीडरवर कोड बघावा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, बहुधा गळती किंवा ब्रीदरचा घोळ. पी०१०१ म्हणजे हवेच्या मापात गडबड. पी०११३ आला तर तापमान सेन्सरचा प्लग बघावा, बहुतेकदा तो लावायचाच राहिलेला असतो. कापडी फिल्टर धुऊन त्याला तेल जास्त लावलं तर ते उडून एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि तोच दिवा लागतो. तेल हलक्या हाताने लावावं, रात्रभर मुरू द्यावं.

कंपनीचा जुना बॉक्स भंगारात देऊ नये. गाडी विकताना, वॉरंटीच्या वेळी आणि पावसाळ्यात परत बसवायला तो लागतो.

कायदा आणि विमा

गाडी जीजे-०५ ची असो की एमएच-३९ ची, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे नवापूरच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा, असं होत नाही. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे लावलं. बेकायदा बदलासाठी कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसी बुकात एअर फिल्टरचा उल्लेख नसतो आणि त्याच बॉक्समधला पॅनल फिल्टर कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पण पूर्ण इंटेक बदललं आणि त्यामुळे आवाज किंवा धूर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर हरकत घेतली जाऊ शकते.

विम्याचा प्रश्न त्याहून मोठा. पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करताना इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत विमा कंपन्या सहसा भरपाई देत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि ते घेतलं असलं तरी न कळवलेला इंटेकमधला बदल दिसला की वाद उभा राहतो. बदल करायचाच असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर जपून ठेवावं.

पाण्यात गाडी बंद पडली तर

सेल्फ मारू नये. हायड्रोलॉकमध्ये इंजिन जातं ते अनेकदा या दुसऱ्या प्रयत्नातच. गाडी ढकलून कोरड्यावर घ्यावी, बॅटरी सोडावी आणि एअर बॉक्स उघडून फिल्टर हाताने चाचपावा. फिल्टर कोरडा असेल तर वायरिंगचा दोष असू शकतो. ओला असेल तर गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी. तिथे प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं की सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडतं आणि बऱ्याचदा इंजिन वाचतं.

दोन मिनिटांचं हे काम लिंबायतच्या गरनाळ्यापाशी भिजत, मागे हॉर्न वाजत असताना करायची पाळी येते. म्हणून फिल्टरचा बॉक्स कुठे आहे, कसा उघडतो हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पावसाळ्याआधीच दाखवून ठेवावं.